दूध पुरून राहिलं का गं?

बाळंतिणीला भेटायला येणाऱ्या बायका आमच्या नागपुरात दोन प्रश्न हमखास विचारतात, बाळ कोणावर गेलं आणि दूध पुरून राहिलं का. पहिल्याचं उत्तर खोलीतले बाकीचे लोकच देऊन टाकतात, नाक आजीचं, रंग काकाचा वगैरे. दुसऱ्याचं मात्र बाळंतिणीलाच द्यावं लागतं, आणि ते देताना ती एकदा बाळाकडे बघते, एकदा आईकडे बघते आणि म्हणते, "हो, पुरतं वाटतं." मला दोन मुलं आहेत, मोठा शाळेत जातो, धाकटी आता बालवाडीत जाईल, आणि या दोन बाळंतपणांत अंगावर पाजण्याबद्दलचं माझं मत इतकं बदललं की लग्नाआधीची मी आणि आत्ताची मी या विषयावर बोलायला बसलो तर आमचं पटायचं नाही. म्हणून सवडीने लिहायला बसलेय.

मोठा पोटात होता तोपर्यंत माझं मत अगदी सरळ होतं. बाई आई झाली की दूध येतं, बाळाला भूक लागली की ते पितं, यात शिकण्यासारखं काय आहे, गाय वासराला पाजते तेव्हा तिला कोण क्लास लावून देतं. आईचं दूध म्हणजे अमृत, आणि डब्याचं दूध म्हणजे नाइलाज नाहीतर हौस. हे मत मी कुठे वाचलेलं नव्हतं, ते घरातच होतं, आजीच्या बोलण्यात, दवाखान्यातल्या पोस्टरवर, दर ऑगस्टला 1 ते 7 तारखेच्या स्तनपान सप्ताहात पेपरमध्ये येणाऱ्या फोटोंमध्ये.

एक गोष्ट आधीच सांगते. दुधाबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. त्या दुधात बाळाला आजारांपासून वाचवणारे घटक असतात, ते बाळाच्या वयाप्रमाणे बदलत जातं, ते ताजं असतं, फुकट असतं, उकळावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या आणि पुढे वरच्या खाण्यासोबत दोन वर्षं आणि त्यानंतरही पाजत राहा, हे मला तेव्हाही पटायचं, आताही पटतं. बदललं ते पाजण्याबद्दलचं मत. दूध आईच्या अंगात तयार होतं पण पाजणं एकट्या आईच्या हातात नसतं, आणि हे मला कळायला दोन बाळंतपणं लागली.

मोठा डिसेंबरात झाला, सिझर झालं. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी, नागपूरच्याच महाल भागात. दवाखाना खाजगी, तिथलं ऑपरेशन वगैरे सगळं व्यवस्थित झालं, पण मी पूर्ण शुद्धीवर येऊन बाळाला जवळ घेईपर्यंत त्याला डब्याचं दूध पाजून झालेलं होतं. मला कोणी विचारलं नाही, माझ्या आईलाही नाही, सिझरच्या बाळाला असंच देतात असं सांगितलं. जन्मल्यावर तासाभराच्या आत बाळाला छातीशी लावायला हवं, सिझर असलं तरी शक्य तितक्या लवकर, हे मला माहीतच नव्हतं म्हणून मी पण काही बोलले नाही. पुढे कधीतरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे 2019-21 चे आकडे वाचनात आले. आपल्या देशात 88.6 टक्के बाळंतपणं आता दवाखान्यात होतात आणि तरी पहिल्या तासात आईचं दूध मिळालेली बाळं फक्त 41.8 टक्के. म्हणजे डॉक्टर आहे, नर्स आहे, कॉट आहे, लाईट आहे, आणि तरी निम्म्याहून जास्त बाळं त्या पहिल्या तासात छातीशी पोचत नाहीत. घरी बाळंतपण करणाऱ्या सुईणी मध चाटवायच्या (तो वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचाच नसतो, त्यातून क्वचित पण फार गंभीर आजार होऊ शकतो), आणि आपण त्यांना अडाणी म्हणतो.

मग घरी आलो. पहिले दोन-तीन दिवस जे येतं तो चीक असतो, घट्ट, पिवळसर, आणि अगदी थोडा, काही चमचे. तेवढाच पुरतो कारण बाळाचं पोटही तेवढंच असतं. पण आपल्याला डोळ्यांना दूध दिसायला हवं असतं ना. मावशी म्हणाली, "काहीच येऊन नाही राहिलं हिला." मालिशवाली बाई म्हणाली, "काऊन रडून राहिलं बाप्पा हे लेकरू एवढं, पोटच नाही भरून राहिलं याचं." आणि बाळ रडलं की कोणीतरी डबा उघडायचंच. प्रेमापोटीच, हे मला तेव्हाही दिसत होतं. आई माझी रात्री दोनला उठून पाणी उकळून थंड करायची आणि चमच्याने पाजायची म्हणजे मला झोपायला मिळेल, त्या बाईला मी काय बोलणार.

पण होतं काय की डब्याचं दूध पिऊन बाळ तीन-चार तास झोपतं. तेवढा वेळ छाती रिकामी होत नाही. आणि आपल्या शरीराची पद्धत अशी आहे की जेवढं बाहेर जाईल तेवढं नवीन तयार होतं, दूध साचून राहिलं की आत निरोप जातो की आता कमी करा, गरज नाही. त्यातही दूध तयार करायला लावणारं जे हार्मोन आहे, प्रोलॅक्टिन, ते रात्री जास्त असतं, म्हणजे नेमकी रात्रीची फीड चुकवली की दूध आणखी कमी. मग संध्याकाळी बाळ रडतं, मग लोक म्हणतात बघा पुरत नाही, मग अजून एक वाटी वरचं दूध. हे चक्र एकदा सुरू झालं की त्यातल्या बाईला वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. मला वाटलं. कोणी टोमणा मारला म्हणून नाही, सगळे चांगलेच वागत होते, पण दर दोन तासांनी एक छोटा माणूस आपल्याकडे बघून रडतो आणि दुसऱ्याच्या चमच्याने गप्प होतो हे बघणं फार कठीण आहे. वरून बोंडांना चिरा पडलेल्या, टाके दुखतायत, एकदा छातीत गाठ होऊन थंडी वाजून ताप भरला. बाळ रडायला लागलं की माझ्या अंगावर काटा यायचा कारण आता परत ते दुखणार. आणि पान्हा असा असतो की दुखण्याने, भीतीने, काळजीने तो अडतो, दूध आत असूनही उतरत नाही. "मन शांत ठेव" असं सांगणारे खूप भेटले, पण मन शांत राहील असं काही करून द्यायचं सुचत नव्हतं कोणाला, मलाही नाही.

तिसऱ्या महिन्यापासून मोठा जवळपास वरच्याच दुधावर होता, रात्री तेवढा माझ्याकडे. छान वाढला. आज दोन जिने धावत चढतो. त्याच्याकडे बघून मला कधी कधी वाटतं की त्या दिवसांत मी त्याच्यापेक्षा जास्त वेळ घड्याळाकडे आणि डब्यावरच्या मापाकडे बघितलं.

धाकटीच्या वेळी मी सासरी होते, मानेवाड्याला, कारण मोठ्याची शाळा. आणि ती झाली मे महिन्यात. नागपूरचा मे ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, पारा 45 च्या आसपास, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, आणि पुढे नवतपा, म्हणजे मे अखेरीचे ते सगळ्यात तापलेले नऊ दिवस. हेही सिझरच. पण यावेळी दवाखाना दुसरा होता आणि तिथे टाके घालणं चालू असतानाच बाळाला माझ्या छातीवर आणून ठेवलं. मला नीट दिसतही नव्हतं, फक्त ओलं ओलं, गरम काहीतरी गळ्याखाली हललं.

घरी आल्यावर पुन्हा तेच दुखणं सुरू झालं आणि मला रडू यायला लागलं तेव्हा सासूबाई समोरच्या काकूंना घेऊन आल्या. काकू सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, आमच्या गल्लीत सगळे त्यांना सिस्टर काकूच म्हणतात. त्यांनी येऊन हात धुतले, दार लोटलं आणि मला म्हणाल्या, पाज, मी बघते. मी पाजायला लागले. त्या दोन मिनिटं नुसत्या बघत होत्या आणि मग म्हणाल्या, "माय, तू तिले धरूनच नाही राहिली नीट. ती नुसती बोंड चावून राहिली, दूध कुठून येईल."

मग त्यांनी करंगळी पोरीच्या तोंडाच्या कोपऱ्यातून घालून तिला हळूच सोडवलं. मला भिंतीला टेकवून बसवलं, मांडीवर दोन उशा, त्यावर पोरगी आडवी, तिचं पोट माझ्या पोटाला लागेल अशी, कान, खांदा, कंबर एका ओळीत. "छाती तिच्याकडे नको नेऊ, तिले छातीकडे आण, नाहीतर पाठ मोडून जाईल तुझी." बोंड तिच्या वरच्या ओठाला नुसतं टेकवायला सांगितलं. पोरगी अर्धवट तोंड उघडायची, मी घाई करायची, काकू माझं मनगट धरून ठेवायच्या. "थांब. जांभई दिल्यासारखं उघडू दे." आणि एका क्षणाला ते तोंड खरंच एवढं मोठं झालं आणि काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवून तिला एकदम जवळ आणलं. हनुवटी छातीत रुतली, खालचा ओठ बाहेर मुडपला, गाल फुगलेले, नाक मोकळं. आणि आवाज बदलला. आधी चुक्‌ चुक्‌ असा यायचा, आता एक घोट, थोडं थांबून पुन्हा एक घोट, असं गिळण्याचं ऐकू यायला लागलं. दुखलं नाही. मी काकूंकडे बघत बसले, त्या तोपर्यंत सासूबाईंना चहा टाका म्हणून सांगत होत्या.

एवढंच होतं ते. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड नाही, त्याच्या भोवतीचा काळा भागही बराचसा जायला हवा, खालच्या बाजूचा जास्त. मोठ्याच्या वेळी मी इतके डिंकाचे लाडू खाल्ले, अळिवाची खीर, शतावरी, बाळंतशोपा, कोणी काय सांगेल ते, पण एकाही माणसाने माझ्याजवळ बसून मी कशी पाजते ते बघितलं नव्हतं. लाजेने पण असेल. पाजायला घेतलं की खोली रिकामी व्हायची, सगळे बाहेर, आणि आई आणि बाळ दोघंही नवीन, दोघांनाही काही येत नाही, दार बंद. आडोसा हवाच पण त्या आडोशाच्या आत एखादी जाणती बाई पण हवी. पूर्वी एकत्र घरात जावा-जावा, नणंदा एकमेकींसमोर पाजायच्या त्यामुळे पोरी बघून बघून शिकायच्या असं काकूंचं म्हणणं, आणि मला ते पटतं, कारण मी तोवर कोणालाच जवळून पाजताना बघितलेलं नव्हतं.

उन्हाचा मुद्दा राहिला. सासूबाईंचं म्हणणं, आपल्याला एवढ्या उन्हात घसा कोरडा पडतो तर तिला नाही का लागत तहान, दोन चमचे पाणी दे. सगळा मोहल्ला हेच म्हणत होता. मलाही मनातून वाटायचं, कारण कूलरसमोर बसून मी स्वतः माठच्या माठ संपवत होते. काकूंनी आणि मग दीड महिन्याच्या लसीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं की आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असतं, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला नागपूरच्या उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही, उलट पाण्याने पोट भरतं, दूध कमी जातं आणि पाणी खराब असलं तर जुलाब. उन्हात बाळ जास्त वेळा आणि थोडं थोडं पितं, म्हणजे तहान लागली की ते स्वतःच मागतं, आपण फक्त नाही म्हणायचं नाही. आणि पुरतंय का ते दुपट्यांवरून बघायचं, पहिला आठवडा होत आला की दिवसात सहा किंवा जास्त वेळा भरपूर लघवी, रंग फिका, आणि वजन. जन्मल्यावर वजन आधी थोडं कमीच होतं, दहा-चौदा दिवसांत परत जागेवर यायला हवं. मला हे इतकं आवडलं, की याला मोजता येतं! "वाटतं" म्हणायची गरज नाही. सासूबाईंनी पण मग पाण्याचा विषय सोडला आणि दुपटी मोजायचं काम स्वतःकडे घेतलं, रोज संध्याकाळी मला आकडा सांगायच्या, आणि कोणी भेटायला आलं आणि तो प्रश्न आला की माझ्याआधी त्याच बोलायच्या, "आठ झाल्या आज."

त्या उन्हाळ्यात पाजणं म्हणजे घामाने पोरगी आणि मी एकमेकींना चिकटलेल्या, मध्ये मऊ सुती कापड ठेवायचं, दुपारी लाईट गेली की नवरा पुठ्ठ्याने वारा घालायचा. तो यावेळी खूप काही करत होता, रात्री पोरगी उठली की तोच उचलून आणून द्यायचा, पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, दुपटं बदलायचा, मी तेवढ्यात पुन्हा झोपलेली असायची. मोठ्याच्या वेळी तो शनिवार-रविवारी माहेरी येऊन बाळ बघून जायचा, कारण पद्धतच तशी. पुरुष पाजू शकत नाही म्हणून त्याचा काही संबंध नाही असं आपण धरून चालतो. पण पाजणं सोडलं तर बाळाचं बाकी सगळंच तो करू शकतो, आणि ते त्याने केलं की पाजणारीला पाजायला ताकद उरते. आपल्याकडच्या सव्वा महिन्याच्या विटाळ-शिवाशिवीला माझा विरोधच आहे, पण त्या सव्वा महिन्यात बाईने चुलीजवळ जायचं नाही, पाणी भरायचं नाही, आयतं गरम खायचं, बाळाला घेऊन पडून राहायचं, यात फार मोठं शहाणपण होतं. डिंकाने, गोडंबीने दूध किती वाढतं ते देव जाणे, पण ते लाडू कोणीतरी दुसऱ्याने वळलेले असतात आणि बाळंतीण ते बसून खाते, त्याचा उपयोग होतो हे मी अंगावर अनुभवलंय.

मग ऑफिस. माझं ऑफिस सीताबर्डीला, खाजगी, मी अकाउंट्समध्ये. कायद्याने 26 आठवड्यांची रजा, 2017 च्या दुरुस्तीपासून, त्याआधी 12 च होती. छान आहे. पण 26 आठवडे म्हणजे सहा महिने, आणि त्यातले थोडे आठवडे बाळंतपणाआधीच निघून जातात, त्यामुळे सहा महिने निव्वळ अंगावर पाजा म्हणणारं सरकार आणि रजा देणारं सरकार एकच असूनही हिशोब जुळत नाही, ऑफिस सुरू होतं तेव्हा बाळ पाच महिन्यांचं असतं. त्याच कायद्यात 1961 पासून लिहिलेलं होतं की बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला रोजच्या सुट्टीशिवाय पाजायला दोन वेळा सुट्टी द्यायची, आणि 2017 च्या दुरुस्तीने त्यात भर पडली की पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर. आमच्याकडे पन्नास नव्हती. दोन सुट्ट्यांचं मी विचारलं तेव्हा साहेबांना तो नियम माहीत नव्हता, एचआरला पण नाही, वाचून दाखवल्यावर हो म्हणाले पण जागा कुठली द्यायची? स्टोअर रूम. जुन्या फाइलींचे खोके, प्रिंटरचे रिकामे कार्ट्रिज, आणि दाराला कडी नाही. माझी एक कलीग रोज दोनदा दाराबाहेर उभी राहायची, हातात एखादी फाइल घेऊन, कोणी आलं तर सांगायला. मी आत पंप लावून बसायची आणि दूध येईना, कारण सगळं लक्ष त्या दाराकडे. मग फोनवर पोरीचा व्हिडिओ बघायची तेव्हा उतरायचं. आइसपॅकच्या डब्यात बाटली, संध्याकाळी मेट्रोने घरी. पंचवीस डिग्रीपर्यंतच्या खोलीत काढलेलं दूध साधारण चार तास राहतं, आपल्याकडे बाहेर पंचवीस असतं कुठे, त्यामुळे तो डबा मी जिवापाड सांभाळायची. एकदा मेट्रोत कोणाचं तरी बाळ रडलं आणि माझा पान्हा फुटला, ओढणी पुढे घेऊन उभी राहिले. शेजारच्या आजींनी काही न बोलता आपली सीट दिली.

पण माझी स्टोअर रूम तरी होती. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणारी ताई, तिला धाकटीच्याच वयाची मुलगी, ती दुसऱ्या महिन्यात कामावर परत आली. कुठले 26 आठवडे आणि कुठल्या दोन सुट्ट्या, चार घरची कामं, एका घरी खाडा धरला तर पैसे कापतात. बाळ घरी मोठ्या बहिणीजवळ, बाटलीत गाईचं दूध अर्धं पाणी घालून. आणि दवाखान्यात तिला विचारलं असेल, अंगावर पाजत नाही का, का नाही पाजत. ती माझ्यासमोर ओट्याशी उभी आणि ब्लाउज ओला झालेला, त्या दिवशी आम्ही ठरवलं की बाळाला घेऊनच ये, आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली गोधडी टाकायची, मध्येच पाज, काम अर्धा तास उशिरा झालं तर काय बिघडतं. सासूबाईंनी बाकीच्या दोन घरी जाऊन सांगितलं, एक घर तयार झालं, एक नाही झालं. त्या दिवसानंतर मला "आईने अंगावरच पाजावं" हे वाक्य नुसतं असं म्हणता येत नाही. कोणी, कुठे बसून, कोणाच्या पगारावर, हे त्यात यायला हवं.

हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलीय. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि तिथे बुरूज बांधला. मी मोठ्याला ही गोष्ट सांगत होते तर तो म्हणाला, पण दरवाजा का नाही उघडला तिच्यासाठी? गडाचा दरवाजा होता, शत्रूची भीती होती, त्या काळात नियम असणारच, ते मी त्याला सांगितलं. पण स्टोअर रूममध्ये बसायची तेव्हा मला त्याचा प्रश्न आठवायचा. आता एसटी स्टँडवर, काही सरकारी ऑफिसांत हिरकणी कक्ष असतात, तिचंच नाव दिलेले, मी आमच्या गणेशपेठच्या स्टँडवर ती पाटी बघितली की बरं वाटतं. असे कक्ष हवेत आणि भरपूर हवेत, पंखा, खुर्ची, आतून कडी आणि पाणी, जास्त काही लागत नाही.

आणि ज्यांना दूध येतच नाही त्यांच्याबद्दल. बहुतेक बायकांना पुरेसं दूध येऊ शकतं हे खरं, पण बहुतेक म्हणजे सगळ्या नाही. माझ्या एका मैत्रिणीचं बाळंतपणात खूप रक्त गेलं, तिला दूध आलंच नाही. थायरॉइड असतं, छातीचं ऑपरेशन झालेलं असतं, काही औषधं चालू असतात. तिला लोकांनी लाडू दिले, मंत्र दिले, आणि वरून "प्रयत्न केला तर येतं" हे दिलं. तिच्या बाळाला डब्याच्या दुधाने वाढवलं, आणि तिने ते ज्या निगुतीने केलं, बाटली टाळून वाटी-चमचा, रोज उकळणं, माप अगदी बरोबर, पैसे वाचवायला कधी पातळ केलं नाही, ते बघून माझं डब्याबद्दलचं मत बदललं. डबा हे औषधासारखं आहे, गरज असली की हवंच आणि नसताना कोणी परस्पर देऊ नये. म्हणून तर आपल्याकडे 1992 चा कायदा आहे की बाळांच्या दुधाची जाहिरात करायची नाही, फुकट सँपल वाटायचे नाहीत, आणि डब्यावर लिहायचंच की आईचं दूध सर्वांत चांगलं. कायदा कंपन्यांसाठी आहे. माझ्या मैत्रिणीला तो डबा हातात घेताना रोज ती ओळ वाचावी लागायची, तर निदान आपण तरी तिला ती तोंडाने वाचून दाखवू नये.

धाकटी दोन वर्षांची होऊन गेली तरी पीत होती. मग प्रश्न बदलला, "अजून पाजते?" मोठ्याच्या वेळी पुरत नाही म्हणून काळजी, हिच्या वेळी सोडत नाही म्हणून. कोणी सांगितलं कडुलिंबाचा पाला वाटून लाव, कोणी म्हणे दोन रात्री माहेरी जाऊन ये. मला तिला घाबरवून तोडायचं नव्हतं. आधी दुपारचं बंद केलं, तेव्हा तिला गोष्ट आणि संत्र्याच्या फोडी, मग काही आठवड्यांनी सकाळचं, रात्रीचं सगळ्यात शेवटी. एके रात्री ती मागायला विसरली, दुसऱ्या रात्री मागितलं, मी म्हटलं आता संपलं बाळा, तर तिने हात फिरवून बघितला आणि झोपली. रडले मी, ती नाही.

परवा भावाचा फोन आला. वहिनीला सातवा लागलाय, तो विचारत होता कुठल्या कंपनीचा पंप घेऊ, ऑनलाइन सेल लागलाय. मी म्हटलं पंप नंतर बघू, आधी मला सांग तुला रजा किती मिळते. तो म्हणाला, तीन-चार दिवस मिळतील. मी म्हटलं साठवलेली सगळी रजा आत्ताच मागून ठेव, आणि डॉक्टरकडे पुढच्या वेळी जाशील तेव्हा दोघं मिळून विचारा की बाळ जन्मल्यावर लगेच आईजवळ देता का, आणि आम्हाला विचारल्याशिवाय वरचं दूध देणार नाही ना, आणि द्यायची वेळ आलीच तर का ते सांगाल ना. सिस्टर काकूंशी मी बोलून ठेवलंय, त्या पहिल्या दोन दिवसांत येऊन बघून जातील. आई म्हणाली लाडू मी करीन, पण तिचे गुडघे आता दुखतात, म्हणून डिंक आणि गोडंबी मी इतवारीतून आणते आणि सासूबाई आणि मी मिळून वळतो. भावाने सगळं फोनमध्ये लिहून घेतलं आणि मग म्हणाला, ताई, आणि रात्री ती पाजत असेल तेव्हा मी नेमकं काय करू? मी म्हटलं पाण्याचा तांब्या भरून तिच्या हाताशी ठेव, आणि जागा राहा.